कंपाऊंडमधला उन्हाळा

प्रत्येक मुलाच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो, की ज्या बापाच्या खांद्यावर बसून त्याने जग पाहिलं, त्या बापाचा भार त्याला स्वतःच्या खांद्यांवर पेलावा लागतो. हे वाक्य माझं नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ढोमणे साहेब यांनी ते नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या इमारतीच्या कंपाऊंडमध्ये, हार घातलेल्या माइकसमोर उच्चारलं, आणि ते बोलत असताना दोघांनी त्यांची खुर्ची उचलून सावलीत सरकवली. वाक्य चांगलं आहे. त्यात फक्त एक तांत्रिक चूक आहे. भार खांद्यांवर घ्यायचा नसतो, मांड्यांवर घ्यायचा असतो. खांद्यांवर घेतला की कंबर जाते, आणि मग उचलून न्यायची माणसं दोन होतात.

परवा कूलर काढला. नागपुरात उन्हाळा कॅलेंडरवर येत नाही, तो गच्चीच्या जिन्याखालून येतो, वर्षभराच्या धुळीसकट आणि टाकीत मेलेल्या एखाद्या पालीसकट. जुनं गवत ओढून काढायचं, नवं भरायचं, पंपाला पाणी दाखवायचं. पहिल्यांदा पाणी झिरपलं की ओल्या गवताचा जो वास सुटतो, त्यावर लोकांनी पुष्कळ गोड लिहिलं आहे. मला तो वास आता नकोसा वाटतो. गेल्या वर्षीचा सगळा उन्हाळा त्या वासात भिजलेला आहे, आणि त्या वासामागे आमचा जिना दिसतो.

जिन्याला पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये एक अरुंद वळण आहे. इमारत बांधणाऱ्याने तिथे जागा वाचवली. वीस वर्षं आम्ही त्या वळणावरून गॅसचे सिलिंडर, गाद्या, गणपती सगळं वर-खाली नेलं आणि कधी त्याच्याकडे पाहिलं नाही. गेल्या वर्षी होळीनंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, दुसऱ्या मजल्यावरचे बोंद्रे काका छातीवर हात ठेवून खाली बसले. ॲम्ब्युलन्स लवकर आली. स्ट्रेचर वळणावर अडकलं. आडवं वळेना, उभं करता येईना. मग कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि काकांना तिच्यात बसवून आम्ही चौघांनी उचललं. चौघंही शिकलेले, चौघंही एकमेकांना सूचना देत होते. एकाची पाठ धरली, एकाचा हात सुटला, खुर्ची दोनदा पायरीवर टेकवावी लागली. तळमजल्यावर पोचलो तेव्हा काका होते. गेटशी पोचलो तेव्हा नव्हते.

डॉक्टर म्हणाले, तसंही काही करता आलं नसतं. ते खरंही असेल. पण त्यानंतर जिना चढणारा प्रत्येक माणूस त्या वळणावर जरा थांबायचा. श्वास घ्यायला थांबल्यासारखं करायचा, पण डोळे भिंतीवर असायचे, जिथे स्ट्रेचरची कड घासून चुना उडाला होता. लिफ्टचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला आणि नेहमीप्रमाणे पुढच्या सभेवर गेला.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, माझी बायको मंजू आणि बाबा. मुलगी पुण्याला शिकते. बाबांना सहा वर्षांपासून कंपवात आहे. हात थरथरतो, पाऊल उचलताना अडतं, उठताना कोणीतरी लागतं. घरात सगळ्यांना पाठ असलेला एक आकडा होता, बाबांचं वजन बासष्ट. तो कोणत्या तरी जुन्या तपासणीतला होता आणि आमच्याकडे आडनावासारखा चालत आला होता. बोंद्रे काका गेले त्या आठवड्यात मी रात्रंदिवस त्याच आकड्याचा विचार करत होतो. बासष्ट किलो, तिसरा मजला, ते वळण. दिवस येणार, एवढंच नक्की होतं. मी विमा कार्यालयात दावे तपासतो. दिवस येतो यावरच आमचं कार्यालय चालतं.

एके सकाळी बाबा झोपेत असताना मी त्यांना उचलायचा प्रयत्न करून पाहिला. गादीवरून त्यांची मान आणि गुडघे तेवढे वर आले, मधले बाबा खालीच राहिले. त्यांनी डोळे उघडले.

"काय करून राहिला गा?"

"चादर नीट करत होतो."

"माह्यासकट?"

त्याच सुमारास मेश्राम मॅडमचा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला. आरती मेश्राम तळमजल्यावर राहतात, एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, आणि बोंद्रे काकांना आम्ही कसं उतरवलं ते त्यांनी खालून पाहिलं होतं. निरोप छोटा होता. ज्यांना वेळ नाही अशा मोठ्या माणसांसाठी, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास, कंपाऊंड एक्सरसाइज शिकवीन, पैसे नाहीत.

त्यावर सेक्रेटरींनी आक्षेप घेतला, की कंपाऊंड ही सामाईक मालमत्ता असून तिथे गाड्या उभ्या असतात आणि व्यायामासाठी ठरावाची गरज आहे. मॅडमना आधी काही कळेचना. त्यांनी आपल्या दवाखान्याच्या हॉलमध्ये जागा पाहून ठेवली होती. पण तोवर ग्रुपवर बारा जणांनी कंपाऊंडला पाठिंबा दिला, दोघांनी गाड्या हलवायची तयारी दाखवली, एकाने फलक छापायला टाकला, आणि सेक्रेटरींनी विरोध मागे घेऊन उद्घाटनाची तारीख जाहीर केली. मॅडमनी समजावलं, की कंपाऊंड म्हणजे भिंतीच्या आतली जागा नव्हे, कंपाऊंड म्हणजे एका वेळी अनेक सांधे काम करतात असा व्यायाम. तेव्हा ढोमणे साहेब म्हणाले, "हाव, ते ठीक आहे मॅडम, पण ते करायचा कुठं? कंपाऊंडातच ना." मॅडमनी दवाखान्याचा हॉल सोडून दिला.

असा आमच्याकडे शारीरिक बलसंवर्धनाचा शुभारंभ झाला. नारळ होता, रिबीन होती, माइक होता. राष्ट्राची ताकद, तरुणांचं कर्तव्य, आणि वर सांगितलेलं ते खांद्याचं वाक्य. भाषण संपलं तेव्हा ऊन भिंतीवरून आमच्या डोक्यावर आलं होतं. व्यायाम सोमवारपासून करायचं ठरलं.

सोमवारी पहाटे मॅडमनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला.

"काहून करायचं आहे, सांगा. प्रत्येकानं."

कोणी साखर म्हणालं, कोणी पोट म्हणालं, एकाने लग्नातला कोट सांगितला. माझी पाळी आली. मी म्हणालो, "बाबांना तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं आहे."

कोणी हसलं नाही. दोघांनी जिन्याकडे पाहिलं.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "मंग तुमच्यासाठी डंबेलचा दांडा नाही. माणसाले हँडल नसते सर. तुम्ही पोतं उचला."

बाकीच्यांना डंबेल मिळाले, मला पोतं. वाळूचं, सैल शिवलेलं, इकडून धरलं की तिकडे ओघळणारं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळा व्यायाम चार गोष्टींचा होता. खाली बसून उठणं. जमिनीवरचं उचलणं. डोक्यावर ढकलणं. आपल्याकडे ओढणं. माणूस जन्मभर एवढंच करतो, बाकी सगळी सजावट. बैठका मारताना आम्हा सगळ्यांना शाळा आठवायची. आमच्या पिढीने उठाबशा फक्त शिक्षा म्हणून केल्या होत्या, आणि त्यामुळे गुडघे वाकले की चेहऱ्यावर आपोआप अपराधी भाव यायचा. जमिनीवरून वजन उचलण्याला डेडलिफ्ट म्हणतात. ते नाव मी घरात एकदा घेतलं. मंजू कणीक मळत होती. तिचा हात थांबला.

"अहो, असलं नाव घरात नका घेऊ. दुसरं काही म्हणा."

"पण तेच नाव आहे."

"मंग मनात म्हणा."

इमारतीला लिफ्ट नाही, डेडलिफ्ट आहे, हा विनोद मी कंपाऊंडमध्ये केला. तोही कोणाला आवडला नाही.

बाबा गॅलरीत खुर्ची टाकून हे सगळं वरून बघायचे. ते वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. कामठीच्या बाजारापासून खाप्याच्या बाजारापर्यंत दुकानांतले तराजू आणि वजनं तपासण्यात त्यांची नोकरी गेली. खाप्याला कन्हानच्या काठी आठवडी बाजार भरायचा, तिथे बाबांची जीप दिसली की अर्धे तराजू दुरुस्तीला जायचे, म्हणजे पोत्याखाली. जगात दोनच प्रकारची वजनं असतात असं त्यांचं मत आहे, तपासलेली आणि खोटी. पहिल्याच आठवड्यात ते वरून म्हणाले, "त्या लोखंडावर शिक्का कुठं आहे गा? वीस लिहिलं म्हणजे वीस होते काय?" मॅडमनी वर पाहून हात जोडले. "अन् तुह्या पोत्यात किती आहे?" मी म्हणालो, वीस. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांचं न बोलणं जास्त अधिकृत असतं.

व्यायामाचं नाव कळल्यावर त्यांनी एकदा जेवताना हिशेब मांडला. "मले कंपवात, तुले कंपाऊंड. आता घरात सरळ उभी राहाले सूनबाई तेवढी राहिली." मंजू हसली. बाबांचा चमचा ताटाच्या कडेवर वाजत होता. वरण अर्धं राहिलं.

एप्रिल उलटला तशी रस्त्यावर माणसं दिसेनाशी झाली. अकरानंतर शहर दार लावून घेतं. घराघरांतून कूलरची घरघर येते, आणि ती इतकी सारखी असते, की हळूहळू ती ऐकू येत नाही, ती थांबली तरच कळते. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून मी कार्यालयात जायचो. डांबर बुटाला चिकटायचं. कावळे चोच उघडी ठेवून बसायचे. ढोमणे साहेब दररोज सकाळी ग्रुपवर एक निरोप टाकायचे, की अमुक शहरात जिममध्ये वजन उचलताना चाळिशीतला माणूस कोसळला. त्याखाली लगेच स्वतःचा फोटो टाकायचे, डंबेल हातात घेतलेला. दोन्ही गोष्टींत त्यांना विसंगती वाटत नव्हती. आम्हालाही वाटेनाशी झाली. व्यायाम केला तर मराल, नाही केला तर मराल, अशा वातावरणात आम्ही पहाटे अंधार असतानाच खाली उतरायचो, आणि सूर्य भिंतीवर चढायच्या आत वर पळायचो.

माझं मात्र चाललं होतं. पोतं वाढत गेलं. वीसचं तीस, तीसचं चाळीस. मॅडम पाठ सरळ नसली की मणक्यावर बोट ठेवायच्या. "जवळ घ्या सर. वजन जेवढं अंगाजवळ, तेवढं हलकं. लाजून राहिले काय पोत्याले?" मांड्या भरल्या. ऑफिसच्या जिन्यावर धाप लागेना. पन्नासचं पोतं छातीशी धरून उभा राहिलो त्या दिवशी मी वर पाहिलं. बाबा गॅलरीत होते. त्यांनी हात वर केला, तो थरथरत होता म्हणून की शाबासकी म्हणून, ते इतक्या खालून कळलं नाही.

संध्याकाळी ते म्हणाले, "ते पोतं तोलून आण."

"बाबा, मॅडमनी तोलून भरलं आहे."

"कधी?"

"महिना झाला. सगळी पोती एकदमच भरली."

"मंग तोल."

मी पोतं स्कूटरवर घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं. दुकानदार मला ओळखतो, आणि मी कोणाचा मुलगा ते त्याहून जास्त ओळखतो. पोतं काट्यावर ठेवताना त्याचा चेहरा उतरला. पोतं पन्नास नव्हतं, पंचेचाळीसच्याही जरा खाली होतं. वाळू भरली तेव्हा ओली होती, नदीची. उन्हाने तिच्यातलं पाणी ओढून घेतलं होतं, पोत्याला कुठेही भोक न पाडता. बाबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले नाहीत, आश्चर्यही वाटलं नाही त्यांना. "उन्हाळ्यात सगळं वाळते," एवढंच म्हणाले, आणि घड्याळ कोपराकडे घसरलं होतं ते त्यांनी परत मनगटावर आणलं.

मी दुसऱ्या दिवशी पोत्यात वाळू वाढवली.

नवतपा लागला. रोहिणी नक्षत्रातले ते नऊ दिवस, ज्यांत नागपूरचा माणूस हवामानाबद्दल तक्रार करणंही सोडतो, कारण तोंड उघडलं की आत झळ जाते. त्यातल्या रविवारी, दुपारी, वीज गेली. कूलर थांबले. सगळ्या इमारतीचे एकदम. ती शांतता मी विसरणार नाही. कोणीतरी खोलीत येऊन उभं राहिल्यासारखी होती ती. आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. मी खालून बर्फ आणायला गेलो आणि परत आलो तेव्हा मंजू बाबांच्या पलंगाशी उभी होती.

"अहो, बाबा काहीच्या बाही बोलत आहेत. अंग पाहा. घाम नाही."

मी हात लावला. तव्यासारखं कोरडं अंग. बाबा छताकडे बघून कोणाला तरी सांगत होते, की दुकान बंद करू नको, मी तपासून जाईन. मंजूने खाली फोन लावला. मेश्राम मॅडम जिन्यातूनच ओरडल्या, "ॲम्ब्युलन्स निघाली आहे. तिची वाट नका पाहू. खाली आणा त्यांना, आत्ता."

दिवस आला होता. पाय रोवले. छाती वर. एक हात गुडघ्यांखाली, दुसरा पाठीमागून काखेत. जवळ घेतलं, अगदी छातीशी, लाजलो नाही. श्वास भरला आणि दोन महिने शिकलो होतो तसं मांड्यांच्या सगळ्या बळानिशी जमीन खाली ढकलली.

मी मागे पडता पडता वाचलो. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसं झालं. बाबा इतक्या सहज वर आले, की माझी ताकद हवेत गेली आणि मला कपाटाचा आधार घ्यावा लागला. मंजूला वाटलं मला झेपलं नाही. ती धरायला धावली. मी मान हलवली.

मी पोत्यात वाळू वाढवत होतो, आणि पलीकडे गॅलरीत, रोज डोळ्यांसमोर, बाबा कमी होत होते. अर्धं राहिलेलं वरण आम्ही उन्हाळ्याच्या नावावर टाकलं होतं. सैल झालेला सदरा इस्त्रीच्या नावावर. मी बासष्टची तयारी केली होती. बासष्टचे बाबा केव्हाच घरात नव्हते.

जिना उतरलो. वळण आलं. मी आडवा झालो, भिंतीला पाठ लावून, उडालेल्या चुन्यावरून सरकत गेलो. अंगाखांद्यावर काही ओझं आहे असं वाटतच नव्हतं. तिथे बाबांचे डोळे उघडले. क्षणभर ते नीट माझ्याकडे बघत होते.

"किती भरलो?"

"काय किती?"

"वजन."

"बासष्ट," मी म्हटलं.

"खोटं बोलून राहिला तू."

खाली सगळं कंपाऊंड जमलं होतं. मॅडमनी ओली चादर तयार ठेवली होती. बाबांना तिच्यावर निजवलं, गाडी आली, आणि त्या गडबडीत ढोमणे साहेबांचा आवाज आला, "पाहा, याले म्हणतात व्यायाम. एकट्यानं आणलं बापाले, धाप नाही लागली." दोनतीन जणांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. धाप खरंच लागली नव्हती. मॅडम तेवढ्या खाली पाहत होत्या. त्यांनी चादरीवर बाबांचं मनगट हातात धरलं होतं आणि त्यांच्या बोटांत ते मावून जागा उरत होती.

दवाखान्यात बाबा वाचले. उष्माघाताचा माणूस लवकर आणला तर बरा होतो, आणि आम्ही लवकर आणलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना यंत्रावर तोललं. त्रेचाळीस. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? हा प्रश्न मी माझ्या टेबलावर रोज दुसऱ्यांच्या कागदांवर लिहितो. त्याचं उत्तर लोकांना का देता येत नाही, याचं मला आजवर नवल वाटायचं. कंपवातात गिळणं मंदावतं, हात चमचा सांडतो, थरथरण्यातच अंग खर्ची पडतं, असं त्यांनी समजावलं. वजन वाढलं पाहिजे, नाहीतर पुढचा उन्हाळा कठीण आहे, असंही म्हणाले. दावे तपासणाऱ्याला कठीण या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही.

तेव्हापासून घरात तो एकच कार्यक्रम आहे. अंडी, तूप, शेंगदाण्याचे लाडू, मऊ केलेली खिचडी दिवसातून पाचदा. मंजू चमच्याने भरवते आणि बाबा प्रत्येक घासाला मापात खोट काढतात. मेश्राम मॅडम संध्याकाळी वर येतात. खुर्चीतून उठायचं, बसायचं, गॅलरीचा गज धरून. बाबांचाही कंपाऊंड व्यायाम. "तिसऱ्या मजल्यावर कसला कंपाऊंड," असं ते म्हणतात, पण करतात. मी खाली पोतं उचलतो, अजूनही. कशासाठी, ते आता नीट सांगता येत नाही. पहाटेच्या अंधारात भिंतीपाशी ते पोतं पाय पोटाशी घेऊन निजल्यासारखं दिसतं, आणि मी त्याच्याकडे पहिल्यांदा जातो तेव्हा दरवेळी जरा हळू जातो.

कूलर काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांची तपासणी होती. दवाखान्यात बाहेरच्या खोलीत जुना काट्याचा वजनकाटा आहे. मी आणि मंजूने दोन्हीकडून धरून बाबांना त्यावर चढवलं आणि हात सोडले. काटा थरथरला आणि थांबला. पंचेचाळीस.

"दोन किलो वाढलं आजोबा," सिस्टर म्हणाल्या. "छान."

मंजूने तोंडाला पदर लावला. मग तिथेच उभी राहून तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. ढोमणे साहेबांचं उत्तर बाबा काट्यावरून उतरायच्या आत आलं. सत्कार करू, कंपाऊंडमध्येच.

बाबा खाली बघत होते.

"मी चढाच्या पहिले पाहिलं होतं काय कोनं?" त्यांनी विचारलं.

"काय बाबा?"

"काटा."

त्यांना धरून खाली उतरवलं आणि बाकावर बसवलं. मी परत येऊन वाकून पाहिलं. काट्यावर कोणी नव्हतं, आणि तो दोन किलो दाखवत होता.